शिष्याची जबाबदारी आणि राज्याचे फर्मान

१९४३ सालच्या उन्हाळ्यात, बर्लिन शहराच्या वायव्येस असलेल्या टेगेल येथील तुरुंगात, दोन ख्रिस्ती पुरुष एकाच वेळी कैदेत होते. एक होते ऑस्ट्रियातील सांक्ट राडेगुंड या खेड्याचे कॅथलिक शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर, ज्यांचे शालेय शिक्षण गावापुरतेच झालेले होते. दुसरे होते प्रॉटेस्टंट धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बॉनहॉफर, ज्यांनी वयाच्या एकविसाव्या वर्षी बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली होती. त्यांची गाठ पडल्याचा दाखला नाही. सैन्यशक्ती खच्ची केल्याचा जो आरोप येगरश्टेटर यांच्यावर सिद्ध धरला गेला, त्याच कलमाखाली पुढे बॉनहॉफर यांच्यावरही आरोपपत्र ठेवले गेले. पैकी पहिल्यांचा शिरच्छेद त्याच वर्षी ९ ऑगस्टला ब्रांडेनबुर्ग येथे झाला आणि दुसऱ्यांना ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत फाशी देण्यात आली. ख्रिस्ती शिष्यत्व आणि युद्ध यांचा विचार मांडणाऱ्या या लेखसंग्रहाला प्रस्तावना लिहिताना मी या दोन कैद्यांपासून आरंभ करीत आहे, कारण हा प्रश्न ग्रंथांत जेवढा नीटनेटका दिसतो तेवढा तो माणसाच्या आयुष्यात दिसत नाही, आणि तो जेथे खरोखर सोडवला गेला तेथूनच त्याची ओळख करून देणे मला अधिक प्रामाणिकपणाचे वाटते.

प्रश्न अर्थात फार जुना आहे. डोंगरावरील प्रवचनात येशूने शत्रूवर प्रीती करण्याची आणि दुष्टाईचा प्रतिकार दुष्टाईने न करण्याची जी आज्ञा दिली, ती पहिल्या काही शतकांतील ख्रिस्ती मंडळ्यांनी अक्षरशः घेण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. रोमी आफ्रिकेतील मॅक्सिमिलियन नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाला इ.स. २९५ मध्ये फौजेत भरतीसाठी अधिकाऱ्यापुढे हजर केले असता त्याने ख्रिस्ताचा सैनिक दुसऱ्या कोणाची शिक्क्याची पट्टी गळ्यात घालू शकत नाही अशी भूमिका घेतली, आणि त्याबद्दल त्याला देहान्त शासन झाले. पुढे चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टन्टाइनने ख्रिस्ती धर्माला राजाश्रय दिला, तेव्हा ज्या मंडळीला राज्याच्या बाहेर उभे राहून बोलायची सवय होती तिला राज्याच्या आत बसून सल्ला द्यावा लागला. आणि ऑगस्टीनने व त्यानंतर आठ शतकांनी थॉमस अक्वायनसने न्याय्य युद्धाच्या अटी घालून दिल्या, म्हणजे युद्ध पुकारणारा सत्ताधारी अधिकृत असावा, कारण न्याय्य असावे आणि हेतू शुद्ध असावा. या अटी टाकाऊ आहेत असे मी मानत नाही. राजांच्या लहरीला काही तरी लगाम घालावा म्हणून त्या योजलेल्या होत्या, आणि आजही युद्धाच्या आंतरराष्ट्रीय कायद्यात त्यांचा अंश शिल्लक आहे. त्यांतील खरी उणीव निराळीच आहे. अटी ठरल्या, परंतु त्या पुऱ्या झाल्या की नाही याची खातरजमा कोणी करावयाची, याचे उत्तर व्यवहारात बहुतेक वेळा ज्याने युद्ध पुकारले त्याच्याच हाती राहिले. आणि रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाचा हवाला देऊन साध्या माणसाला असे शिकवले गेले, की वरिष्ठांनी हुकूम दिला म्हणजे त्या हुकमाचे पाप-पुण्य वरिष्ठांच्या खाती जमा होते आणि तामील करणाऱ्याचा हात स्वच्छ राहतो.

१९१४ साली या शिकवणुकीची फळे सबंध युरोपने चाखली. जर्मनीतील सर्वमान्य धर्मेतिहासकार आडोल्फ फोन हार्नाक यांच्यासह त्र्याण्णव विद्वानांनी आपल्या सरकारच्या युद्धधोरणाचे समर्थन करणाऱ्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. स्वित्झर्लंडमधील तरुण पाळक कार्ल बार्ट यांना त्या यादीत आपल्या पूज्य गुरूंची नावे वाचून जो धक्का बसला त्यातूनच त्यांच्या धर्मशास्त्राची दिशा बदलली. इंग्लंडातील व्यासपीठांवरून उलट बाजूने तोच सूर निघत होता. या आगीची झळ महाराष्ट्रापर्यंत पोहोचली, आणि तीही विलक्षण रीतीने: हिंदुस्थानात अनेक वर्षे शाळा, दवाखाने व छापखाने चालवणाऱ्या जर्मन मिशनऱ्यांना सरकारने शत्रुराष्ट्राचे प्रजाजन म्हणून अटक केली, आणि त्यांतील पुष्कळांना अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध ठेवले. ज्या नगरात अमेरिकन मराठी मिशनने शेकडो कुटुंबांना शुभवर्तमान सांगितले होते, त्याच नगरात काटेरी तारेच्या आड शुभवर्तमानाचे सेवक केवळ आपल्या जन्मभूमीमुळे कैदी म्हणून बसलेले होते. याहून स्पष्ट शब्दांत ख्रिस्ती जगताची फाळणी कोणी मांडली असती असे मला वाटत नाही.

येगरश्टेटर यांचे गाव साल्झाख नदीच्या काठी, जर्मनीच्या सरहद्दीला लागून आहे. ज्या जिल्ह्यात ते मोडते त्याच ब्राउनाऊ जिल्ह्यात हिटलरचा जन्म झाला होता. तारुण्यात येगरश्टेटर काही अगदी साधुपुरुष नव्हते. गावात पहिली मोटरसायकल त्यांनी आणली असे सांगतात, आणि मारामारीत भाग घेतल्याबद्दल गावकऱ्यांच्या आठवणीत ते होतेच. १९३६ साली फ्रान्झिस्का श्वानिंगर यांच्याशी विवाह झाल्यावर पती-पत्नी मिळून नियमाने बायबल वाचू लागली, आणि पुढे चर्चची देखभाल, मिस्सेची तयारी, घंटा, अंत्यविधी ही कामे त्यांनी अंगावर घेतली. १९३८ च्या जानेवारीत त्यांना एक स्वप्न पडले: एक सुंदर आगगाडी डोंगराला वळसा घालून येत आहे, लहान मुलेसुद्धा तिच्यात चढण्यासाठी धावत आहेत, आणि एक आवाज सांगतो आहे की ही गाडी नरकात जाते. मार्चमध्ये जर्मन फौजा ऑस्ट्रियात शिरल्या, एप्रिलमध्ये विलीनीकरणावर सार्वमत झाले, आणि सबंध गावात विरोधी मत देणारे हे एकटेच निघाले.

यानंतरची जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते ती चरित्रकारांनी सहसा एका वाक्यात आटोपलेली असते. गारपिटीने पिकाचे नुकसान झाले, आणि सरकारने शेतकऱ्यांना भरपाई देऊ केली. येगरश्टेटर यांनी ती घेतली नाही. मुलांच्या संगोपनासाठी कुटुंबांना मिळणारा सरकारी भत्ता त्यांना लागू होता; तोही त्यांनी नाकारला. तीन लहान मुली घरात असताना, शेतीवर पोट असताना, कायद्याने हक्काची असलेली रक्कम नाकारणे हे शेजाऱ्यांना खुळेपणाचे वाटले असणारच. परंतु ज्या राज्याच्या हातून खायचे त्याच्या हुकमाला पुढे नकार देणे किती अवघड होते हे या माणसाला आधीच उमगलेले होते. शेतकऱ्याला गारपीट म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगायला नको. ज्याने ती भरपाई नाकारली, त्याचा रणांगणावरील नकार त्या दिवशीच निम्मा होऊन चुकला होता असे मी समजतो.

निम्माच, कारण १९४० साली त्यांना बोलावणे आले तेव्हा ते गेले, त्यांनी शपथही घेतली, आणि काही महिने लष्करी शिक्षण घेऊन ते १९४१ च्या वसंतात गावी परतले. पुढचे बोलावणे कधी तरी येणार हे निश्चित होते. मधल्या काळात त्यांनी विचारायचे होते तेवढ्यांना विचारले. लिंत्सच्या बिशपांची भेट घेतली. या युद्धाच्या न्याय्यतेचा निवाडा करणे हे खाजगी माणसाचे काम नाही, ती जबाबदारी राज्यकर्त्यांची आहे, कुटुंबवत्सल गृहस्थाने आपल्या बायकामुलांकडे पाहावे, असा सल्ला त्यांना मिळाला. बिशप दुष्ट नव्हते. ते जे बोलले ते शतकानुशतके मान्य असलेलेच होते. आणि म्हणूनच येगरश्टेटर यांच्या निर्णयाची किंमत अधिक आहे, कारण त्यांना नाझी राज्याच्याच नव्हे तर आपल्या स्वतःच्या मंडळीच्या सौम्य, ममताळू आवाजालाही नाही म्हणावे लागले. १ मार्च १९४३ रोजी एन्स येथील छावणीत हजर होऊन त्यांनी शस्त्र हाती घेण्यास इनकार केला. शुश्रूषापथकात काम करण्याची तयारी त्यांनी दाखवली, ती मानली गेली नाही. ६ जुलैला शिक्षा झाली. शेवटच्या रात्री त्यांना भेटलेल्या धर्मगुरूंनी नंतर सांगितले, की ज्यावर सही केली असता प्राण वाचले असते असा कागद टेबलावर ठेवलेला होता, आणि येगरश्टेटर यांनी तो बाजूला सारला. युद्धानंतर, १९४६ साली, त्यांच्यावरचा लेख धर्मप्रांताच्या पत्रिकेत छापण्यास त्याच बिशपांनी मनाई केली. आपले कर्तव्य मानून लढलेले तरुण अधिक थोर, असे त्यांचे मत कायम होते. २००७ साली त्याच लिंत्समध्ये येगरश्टेटर यांना धन्यवादित घोषित करण्यात आले.

बॉनहॉफर यांचा मार्ग इतका सरळ नव्हता, आणि या संग्रहातील दोन लेखकांचे त्यांच्याविषयी उघड मतभेद आहेत. १९३०-३१ साली न्यूयॉर्कच्या युनियन धर्मविद्यालयात त्यांना झां लासेर हे फ्रेंच पाळक सहाध्यायी म्हणून भेटले. पहिल्या महायुद्धात ज्यांचे देश एकमेकांच्या तरुणांचा संहार करीत होते असे हे दोघे जण शेजारी बसून पश्चिम आघाडीवरील जर्मन सैनिकांच्या जीवनावरचा चित्रपट पाहत होते, आणि फ्रेंच सैनिक मारले जात असताना प्रेक्षागारातील लोक आनंद व्यक्त करीत आहेत हे लासेर यांना असह्य झाले, असे त्यांनी पुढे सांगितले. डोंगरावरील प्रवचन ही आदर्शांची यादी नसून आज पाळायची आज्ञा आहे हे बॉनहॉफर यांना या मैत्रीतून प्रथम पटले. १९३४ च्या ऑगस्टमध्ये डेन्मार्कमधील फान्यो बेटावरील परिषदेत त्यांनी जगातील सर्व ख्रिस्ती मंडळ्यांनी एकमुखाने युद्धाला मनाई करावी असे आवाहन केले. त्याच वर्षी त्यांच्या मनात हिंदुस्थानात येऊन गांधीजींच्या आश्रमात राहण्याची योजना घोळत होती. चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनी त्यांच्यासाठी गांधीजींना पत्र लिहिले, आणि १ नोव्हेंबर १९३४ च्या पत्राने गांधीजींनी त्यांना यावयास सांगितले. त्या काळात गांधीजींचे वास्तव्य वर्ध्याला होते. बॉनहॉफर वर्ध्याला आले असते तर काय झाले असते याची कल्पना करण्याचा मोह मला होतो, पण तो आवरतो. जर्मनीत नाझी सत्तेपुढे न वाकणाऱ्या मंडळीने उमेदवार पाळकांच्या शिक्षणाची जबाबदारी त्यांच्याकडे सोपवली, आणि ते फिंकेनवाल्ड येथे गेले.

तेथे, एका जुन्या घरात, त्यांनी विद्यार्थ्यांसह जो दिनक्रम चालवला, प्रार्थना, मौन, परस्परांपुढे पापांची कबुली, एकत्र भोजन, तो पाहून बाहेरच्यांनी हे तर मठवासी झाले अशी कुरकूर केली. १९३७ च्या सप्टेंबरात गुप्त पोलिसांनी विद्यालय बरखास्त केले, आणि त्याच वर्षी शिष्यत्वावरचा त्यांचा सुप्रसिद्ध ग्रंथ बाहेर आला. त्या ग्रंथाचा मथितार्थ असा, की कृपा फुकट मिळते पण स्वस्त नसते. ज्याला येशूची हाक ऐकू आली त्याला आधी विश्वास आणि मग सवडीने आज्ञापालन असा क्रम लावता येत नाही. परंतु त्या विद्यालयाचा इतिहास वाचताना एक गोष्ट नजरेआड करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल: ज्यांनी तेथे प्रार्थना केली त्यांतील बहुतेक तरुण पुढे जर्मन फौजेत गेले, आणि पुष्कळ जण रणांगणावर पडले. मार्टिन नीमोलर यांच्यासारख्या धीट पाळकानेसुद्धा, हिटलरचाच कैदी असताना, १९३९ च्या सप्टेंबरात आपल्याला नौदलात घ्यावे असा अर्ज केला. मंडळीच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगात जाण्याची तयारी आणि राष्ट्राच्या युद्धाला नकार देण्याची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बॉनहॉफर १९३९ च्या जूनमध्ये अमेरिकेत सुरक्षित पोहोचले होते, आणि महिन्याभरातच परत फिरले. स्वदेशाच्या या संकटात सहभागी न होता पुढे त्याच्या पुनर्रचनेत भाग घेण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही, असे त्यांनी अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ रायनहोल्ड नीबर यांना कळवले. परतल्यावर ते मेहुणे हान्स फोन डोनान्यी यांच्यामार्फत लष्करी गुप्तहेर खात्यात शिरले, वरकरणी राज्याचे नोकर आणि आतून त्या राज्याच्या प्रमुखाला दूर करण्याच्या कटाचे भागीदार. फान्योच्या बेटावर शांततेचे आवाहन करणारा माणूस हत्येच्या कटात कसा सामील झाला? काहींनी याचे उत्तर असे दिले की ते शहाणे झाले, वास्तववादी झाले. मला ते पटत नाही. अपूर्ण राहिलेल्या नीतिशास्त्रावरील लेखनात त्यांनी आपले कृत्य निर्दोष ठरवण्याचा प्रयत्नच केलेला नाही. शेजाऱ्यासाठी जबाबदारी घेणारा माणूस कधी कधी दोष अंगावर घेतो आणि देवाच्या दयेशिवाय त्याला दुसरा आधार नसतो, एवढेच ते म्हणतात. ज्यांना त्यांच्या उदाहरणावरून एखादे युद्ध न्याय्य ठरवायचे असते त्यांनी ही कबुली सोडून देऊ नये. लासेर मात्र शेवटपर्यंत आपल्या मताला चिकटून राहिले, आणि युद्ध व शुभवर्तमान यांवर त्यांनी १९५३ साली ग्रंथ लिहिला. दोन मित्रांतील हा मतभेद मिटवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

याच वर्षांत दक्षिण फ्रान्सच्या पठारावरील ल शांबों या गावाने तिसरे उत्तर दिले. तेथील ह्युगनो, म्हणजे फ्रेंच प्रॉटेस्टंट, कुटुंबांच्या पूर्वजांनी १६८५ नंतर स्वतः छळ सोसलेला होता, आणि ती आठवण चुलीजवळच्या गोष्टींतून जिवंत होती. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्सने शस्त्रसंधी केली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी आंद्रे त्रोकमे व एदुआर तेइस या पाळकांनी व्यासपीठावरून सांगितले, की शुभवर्तमानाच्या विरुद्ध हुकूम आला तर आत्म्याच्या शस्त्रांनी त्याला विरोध करायचा. मग माग्दा त्रोकमे यांनी हिवाळ्यातील एका संध्याकाळी दारात उभ्या असलेल्या एका ज्यू निर्वासित बाईला आत घेतले, आणि पुढे घराघरांतून, शेतांतून, शाळांतून हजारो जीव लपवले गेले. १९४३ मध्ये त्रोकमे व तेइस यांना पकडून छावणीत ठेवले, आणि सुटकेच्या वेळी राज्यप्रमुख पेतां यांच्या आज्ञा पाळण्याच्या कागदावर सही मागितली. ती त्यांनी दिली नाही. त्यांना दुसऱ्या दिवशी सोडून देण्यात आले. टेगेलमधील कैद्याला तसेच वागल्याबद्दल मस्तक द्यावे लागले. सारख्या निष्ठेला सारखे फळ मिळत नाही हे ज्याला सोसत नसेल त्याला हा विषय समजणे कठीण आहे.

एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. हिटलरचा पाडाव अखेर फौजांनी केला. स्टालिनग्राडला, नॉर्मंडीत, आणि इटलीच्या डोंगरांत जेथे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान लढले तेथे. त्या जवानांच्या रक्ताचे देणे विसरून शांततावादाचा अभिमान मिरवणे कृतघ्नपणाचे आहे, असे म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. नीबर यांनी हाच मुद्दा १९४० साली जोरदारपणे मांडला होता. शिष्याला युद्धाच्या प्रश्नावर एकच अचूक उत्तर असते असे मला या संग्रहातील लेख वाचूनही म्हणता येत नाही. येगरश्टेटर यांनी नकार दिला, बॉनहॉफर यांनी कट केला, त्रोकमे यांनी दार उघडले. पण आपल्या कृत्याची जबाबदारी बिशपावर, सेनापतीवर किंवा काळावर टाकण्यास तिघांनीही नकार दिला, आणि तो नकार युद्ध सुरू झाल्यावर सुचलेला नव्हता. भत्ता नाकारताना, फिंकेनवाल्डमध्ये पहाटे प्रार्थनेला बसताना, खेड्यातील शाळेत मुलांना शिकवताना त्याचा सराव झालेला होता. ज्याने शांततेच्या वर्षांत प्रत्येक सोयीच्या हुकमाला मान तुकवली, त्याला युद्धाच्या दिवशी ताठ उभे राहण्याचे बळ अकस्मात कोठून मिळणार?

मराठी ख्रिस्ती समाजापुढे हा विचार ठेवताना संपादकांना एक शंका सतावत होती, की हे सर्व युरोपचे आहे, आपला त्याच्याशी काय संबंध? १९१८ साली गांधीजींनी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीची मोहीम काढली तेव्हा त्यांना पत्रे लिहून स्पष्ट विरोध करणारे चार्ली अँड्र्यूज हे ख्रिस्ती धर्मसेवक होते, आणि गांधीजींवरील त्यांची भक्ती सर्वांनाच ठाऊक होती. ज्याच्यावर आपली श्रद्धा आहे त्यालाही अशा प्रसंगी थांबवावे लागते, हा धडा हिंदुस्थानच्या भूमीवरच घडलेला आहे. मराठी मंडळी संख्येने लहान आहे, आणि लहान समाजाला आपली निष्ठा राज्याला वारंवार सिद्ध करून दाखवावी लागते. या दडपणाखाली बोलण्याची आणि गप्प बसण्याची हद्द कोठे आखावी, याची चर्चा संग्रहातील चौथ्या लेखात आहे, आणि ती मला सर्वांत धीट वाटली.

अशा निर्णयांची किंमत ज्याने निर्णय घेतला तो एकटा कधीच भरत नाही. येगरश्टेटर यांच्या निर्णयाला फ्रान्झिस्का यांनी प्रथम विरोध केला होता, मग एकट्या त्याच त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. जुलै १९४३ मध्ये बर्लिनला जाऊन त्यांनी पतीला अखेरचे पाहिले. सोबत आलेल्या गावच्या धर्मगुरूंनी तेवढ्या वेळातही मन वळवण्याचा यत्न केला. पुढे गावाने दोष त्यांच्याच माथी मारला, की या बाईच्या धर्मवेडाने नवऱ्याचा जीव गेला. आणि युद्धात पडलेल्या सैनिकांच्या विधवांना जे निवृत्तिवेतन मिळे ते त्यांना १९५० पर्यंत मिळाले नाही. तीन मुली आणि शेत त्यांनी एकटीने सांभाळले. २००७ च्या लिंत्समधील सोहळ्याला त्या हजर होत्या, वय चौऱ्याण्णव. २०१३ साली, शंभरी पूर्ण केल्यावर त्या वारल्या. तुरुंगातील पतीला त्यांनी लिहिलेल्या पत्रांत पेरणीची, गुरांची, मुलींच्या खोड्यांची हकीकत आहे. संग्रहातील शेवटचा लेख या पत्रांवर आहे. वाचकाने तो सर्वांत आधी वाचला तर मला आनंदच होईल.